चोवीस पिक्चर ट्यूब आणि एक कोठी : इंदूरमधल्या एका शाळेच्या ई-कचऱ्याचं प्रकरण

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतली एक शिक्षणसंस्था. खाली शाळा, वर वाचनालय, मागे अंगण आणि जिन्याखाली कोठी. पंधरा-सोळा वर्षांत जे जे बंद पडलं ते या कोठीत गेलं. डेड स्टॉक रजिस्टरवर चढलेली वस्तू काढायची तर कार्यकारिणीचा ठराव लागतो, आणि बंद मॉनिटरसाठी ठराव मांडायला कुणाला सवड नसते. शेवटी जिन्याची गळती दुरुस्त करायला गवंडी आला आणि म्हणाला, आधी कोठी रिकामी करा. मे महिना होता. पाऊस यायला तीन-साडेतीन आठवडे उरले होते.

इंदूरकराला कचरा वेगळा करायला शिकवावं लागत नाही. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा भाग इथे रोज दारातल्या गाडीत पडतात. पण ती व्यवस्था घरातल्या एखाद्या रिमोटसाठी, चार्जरसाठी, दोन-चार सीएफएलसाठी आहे. एका संस्थेचा टनभर माल तिच्यात बसत नाही आणि बसवूही नये. संस्थेला स्वतःची वाट शोधावी लागते, आणि या प्रकरणात ती शोधताना जे अडलं ते इतर शाळा, वाचनालयं, बँकांच्या शाखा यांनाही अडणारच आहे.

यादी दोनदा झाली

पहिली यादी शिपाईकाकांनी केली, ती नगांची : मॉनिटर ३१, सीपीयू २६, यूपीएस ११, प्रिंटर ६ वगैरे. रजिस्टरशी ताळा जमवायला ती ठीक होती. विल्हेवाटीसाठी मात्र तिचा उपयोग नव्हता, कारण ‘मॉनिटर’ या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू आल्या होत्या. ३१ पैकी २२ जुने, पोट असलेले, पिक्चर ट्यूबवाले आणि ९ चपटे एलसीडी. पहिल्यात शिशाची काच असते, दुसऱ्यात पडद्यामागच्या बारीक नळ्यांमध्ये पारा असतो. दोघांची वाट वेगळी.

म्हणून दुसरी यादी ‘आत काय आहे’ या हिशेबाने केली, आणि नगाऐवजी वजनाने. शाळेच्या प्रयोगशाळेतला काटा कमी पडला तेव्हा शेजारच्या किराणा दुकानातला १५० किलोचा प्लॅटफॉर्म काटा अर्ध्या दिवसासाठी आणला. निघालं ते असं : २२ मॉनिटर आणि २१ इंची २ टीव्ही मिळून ३०८ किलो. सीपीयूंपैकी ७ चालू निघाले, उरलेले १९ म्हणजे १६० किलो. एलसीडीतले ५ चालू, उरलेले ४ म्हणजे १६ किलो. झेरॉक्स मशीन ७४, प्रिंटर ५२, कीबोर्ड-माउस-वायरी ४१, बॅटरी काढलेले यूपीएस ३२, फ्रिज-वॉटर कूलर-विंडो एसी मिळून १३८, प्रोजेक्टर आणि किरकोळ १९, बॅटरी काढलेले ३ लॅपटॉप ७ किलो. बेरीज ८४७. याशिवाय वेगळ्या काढलेल्या शिशाच्या बॅटऱ्या १३९ किलो आणि ट्यूबलाइट ११८, सीएफएल ४३.

या आकड्यांमधला एकच इथे ध्यानात ठेवायचा : ८४७ पैकी ३०८ किलो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त माल पिक्चर ट्यूबचा होता. तो कुणालाच नको असतो.

चालू निघालेले ७ सीपीयू आणि ५ एलसीडी यादीतून वगळले. हलकी लिनक्स टाकून वाचनालयाच्या सूचीसाठी ते अजून चारेक वर्षं सहज चालतील. चालू वस्तू मोडीत काढणं हे सगळ्यात महाग पुनर्चक्रण आहे, म्हणून प्लग लावून बघितल्याशिवाय काहीही भंगारात टाकू नये.

चौतीस हजारांचा भाव

सगळ्यात आधी आला तो नेहमीचा अटालावाला, म्हणजे भंगारवाला. कोठीत पाच मिनिटं फिरला आणि म्हणाला, “भिया, ये डब्बे और ट्यूबलाइट रहने दो, बाकी का चौंतीस दे दूँगा.” म्हणजे सीपीयू, यूपीएस बॅटरीसकट, इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या, झेरॉक्स, एसी, फ्रिज, वायरी त्याच्या, आणि मॉनिटर, टीव्ही, ट्यूबलाइट संस्थेच्या.

कोषाध्यक्षांना भाव पटला. “ताई, घरबसल्या चौतीस हजार मिळतायत, काय वाईट आहे?” कार्यवाह बाईंनी एकच विचारलं : “आणि हे चोवीस डबे कुणाच्या घरी ठेवायचे, भाऊ?”

या प्रकरणाचा सगळा पेच या प्रश्नात आहे. ई-कचऱ्याच्या ढिगात काही माल पैसे देणारा असतो आणि काही पैसे खाणारा. सीपीयूतला बोर्ड, तांबं, कॉम्प्रेसर, बॅटरीतलं शिसं हे देणारे. पिक्चर ट्यूब, ट्यूबलाइट, फ्रिजमधला वायू आणि फोम, टोनरची पूड हे खाणारे. देणाऱ्या मालाच्या कमाईतून खाणाऱ्याचा खर्च निघतो, म्हणूनच अख्खा लॉट उचलणाऱ्याला तो परवडतो. वरची मलई एकाने नेली की उरलेल्याला दारात गाडी आणायला कुणी तयार होत नाही. मग ते चोवीस डबे आणखी दहा वर्षं कोठीत राहतात, किंवा एखाद्या रात्री नाल्याकाठी दिसतात.

कायद्याची चौकटही याच बाजूला झुकलेली आहे, हे समजून घ्यायला हवं. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणं येतात. उत्पादक कंपन्यांना आपल्या जुन्या विक्रीच्या प्रमाणात पुनर्चक्रण करून दाखवावं लागतं : २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढची दोन वर्षं ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. ही अट कंपन्या नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं घेऊन पुरी करतात. पण ही प्रमाणपत्रं चार धातूंवरच निघतात : सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड. शिशाची काच नीट हाताळली, पारा पकडला, वायू हवेत जाऊ दिला नाही, यावर प्रमाणपत्र नाही. आमच्या मते या नियमांतली ही मोठी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत माल देणाऱ्यानेच अख्खा लॉट एकत्र ठेवायचा हट्ट धरायला हवा.

अटालावाल्याबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. माल गोळा करणं, ओळखणं, दुरुस्तीजोगा निवडणं यात त्याचा हात कुणी धरणार नाही. शहराची अर्धी दुरुस्ती त्याच्याच जिवावर चालते. बिघडतं ते त्याच्या पुढच्या पायरीवर, जिथे वायर जाळून तांबं काढतात आणि बोर्ड आम्लात बुडवून सोनं. वायरीवरचं पीव्हीसी जळताना त्यातल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन तयार होतात, आणि तांब्याच्या सान्निध्यात ते अधिक वेगाने तयार होतात. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद या कामासाठी देशभर ओळखले जातात. मुरादाबादला रामगंगेच्या काठावर बोर्ड जाळलेल्या राखेचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला.

पिक्चर ट्यूब : मानेवर एक टोला

ट्यूबच्या मागच्या टोकाला अंगठ्याहून जराशी जाड काचेची मान असते. तिच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, कारागिरांच्या भाषेत ‘योक’, बसवलेलं असतं. अटाल्यात ट्यूब फोडतात ती या योकसाठी. मानेवर हातोडीचा हलका टोला, आत हवा घुसल्याचा फुस्स आवाज, मान तुटते, योक सरकवून काढतात. काम दोन मिनिटांत होतं. उरते ती काच.

ही काच एकजिनसी नसते. समोरच्या पडद्याच्या काचेत शिसं नसतं किंवा नगण्य असतं, तिथे बेरियम-स्ट्रॉन्शियम वापरतात. मागच्या नरसाळ्यासारख्या भागात मात्र शिशाचा ऑक्साइड वजनाच्या २० ते २५ टक्के, आणि मानेत त्याहूनही जास्त. क्ष-किरण अडवण्यासाठी तो घातलेला असतो. १५ इंची एका ट्यूबमध्ये अर्धा किलो शिसं धरायला हरकत नाही. म्हणजे या कोठीतल्या २२ मॉनिटरमध्येच ११ किलोच्या आसपास, टीव्ही वेगळे. अख्ख्या काचेतून शिसं सहज सुटत नाही. चुरा होऊन आम्लट पाण्यात पडली की सुटतं. पडद्याच्या आतल्या बाजूला चमकणाऱ्या पुडीचा थर असतो, त्यात झिंक सल्फाइड आणि दुर्मिळ मृदा धातू, आणि जुन्या ट्यूबमध्ये कॅडमियमही. फुटल्यावर ही पूड उडते आणि श्वासात जाते.

चांगल्या कारखान्यात ट्यूबमधली निर्वात जागा आधी हळूच हवेने भरतात. मग पडदा आणि नरसाळं जिथे जोडलेले असतात तिथे तापलेल्या तारेचा पट्टा लावून काच त्या रेषेवर तडकवतात, पूड व्हॅक्यूमने ओढतात आणि दोन्ही काचा वेगळ्या ठेवतात. पूर्वी ही काच नव्या ट्यूब बनवायला जायची. आता नव्या ट्यूब जवळजवळ बनतच नाहीत, म्हणून शिशाची काच एकतर शिशाच्या भट्टीत जाते नाहीतर घातक कचऱ्याच्या भूमिभरणात. इंदूरच्या बाबतीत दुसरी वाट म्हणजे धार जिल्ह्यातलं पीथमपूर. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा २०२५ मध्ये जाळायला तिथेच नेला आणि सगळा परिसर ढवळून निघाला. आपल्या शहराच्या घातक कचऱ्याचं शेवटचं टोक तासाभराच्या अंतरावर आहे आणि तिथेही माणसं राहतात. मान न तोडता ट्यूब देणं, एवढं तरी आपल्या हातात असतं.

संस्थेसाठी सूचना सोप्या होत्या. मागचं कव्हर काढायचं नाही, कारण ट्यूबमध्ये उच्च दाबाचा विद्युतभार राहिलेला असू शकतो. मॉनिटर वायरीला धरून उचलायचा नाही. पडद्याला पडदा भिडवून, मध्ये पुठ्ठा घालून ठेवायचे, तीन थरांवर चौथा नाही. ओलसर भिंतीपासून हातभर लांब. तरीही दोघा मुलांनी हौसेने एक टीव्ही मधल्या जिन्यातून खाली आणताना पायरीवर आपटला. ट्यूब वाचली, कव्हर फुटलं. त्या टीव्हीला जाड पिशवीत बांधून वर ‘कव्हर फुटलेलं’ असं लिहिलं. रिसायकलरच्या माणसाला आंधळेपणाने हात घालावा लागू नये म्हणून एवढं करावंच.

फ्रिजच्या पाठीवरची पट्टी

फ्रिज १९९८ सालचा. पाठीमागच्या पट्टीवर वायूचं नाव आर-१२ आणि भरण १२० ग्रॅम. हा सीएफसी जातीचा वायू. १ जानेवारी २००३ पासून भारतात नव्या फ्रिजमध्ये तो भरायला मनाई आहे. एक किलो आर-१२ हवेत सुटला तर त्याचा तापवण्याचा परिणाम सुमारे १०,९०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. हिशेब करून पाहा : १२० ग्रॅम म्हणजे १,३०० किलो. शिवाय ओझोनची हानी वेगळी. वॉटर कूलरमध्ये आर-१३४ए होता, एसीत आर-२२.

भंगारात फ्रिज आला की पहिली कात्री कॉम्प्रेसरच्या तांब्याच्या नळीवर चालते. दहा सेकंद सूं असा आवाज येतो आणि तो वायू गेला. नीट काम करणारा तंत्रज्ञ नळीवर टोचणारा व्हॉल्व्ह बसवतो, वायू काढायच्या मशीनला जोडतो आणि काट्यावर ठेवलेल्या सिलिंडरमध्ये ओढून घेतो. किती ग्रॅम आला ते लिहितो. या प्रकरणात फ्रिजमधून ९० ग्रॅम निघाला, कूलरमधून जवळजवळ पूर्ण भरण, एसीतून काहीच नाही. एसीची कॉइल कधीचीच सडून गळली होती.

नवा फ्रिज असेल तर पट्टी आधी वाचावी. आर-६००ए लिहिलेलं असेल तर तो आइसोब्युटेन आहे, ज्वलनशील, आणि जवळ ठिणगी नको. फ्रिजच्या भिंतीतला फोमही लक्षात ठेवावा. जुन्या फोममध्ये सीएफसी-११ अडकलेला असतो, बहुधा नळ्यांमधल्या वायूपेक्षा जास्त. म्हणून ‘हलका करून नेऊ’ असं म्हणत दार आणि भिंती फोडायच्या नाहीत.

ट्यूबलाइट, बॅटऱ्या, टोनर

जिन्याखाली ट्यूबलाइट सुतळीने गठ्ठे बांधून आडव्या रचल्या होत्या आणि त्यांवर खुर्च्या ठेवल्या होत्या. ११८ पैकी ३१ फुटलेल्या निघाल्या. सुतळी हेच मूळ कारण : गठ्ठा ओढला की मधली नळी दाबली जाते. ट्यूब मूळ खोक्यात उभी ठेवायची असते. खोकं नसेल तर विजेच्या दुकानातून रिकामं मागून आणावं. महाराणी रोडवर ते सहज मिळतं.

फुटलेल्या ट्यूबसाठी दारं-खिडक्या पंधरा मिनिटं उघडी ठेवली, पंखा बंद. झाडू लावला नाही, कारण त्याने पारा आणि पूड पसरते. व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काच गोळा केली, बारीक कण चिकटपट्टीने टिपले, सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात. ओलं फडकंही त्याच पिंपात.

बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, ऑगस्ट २०२२ मध्ये आलेले, म्हणून त्या ई-कचऱ्याच्या वजनात धरत नाहीत. यूपीएसमधल्या १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटऱ्या प्रत्येकी सव्वादोन किलोच्या, इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या ५७ किलोच्या. टोकांवर टेप, उभ्या, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. ‘आम्ल ओतून द्या, वजन कमी होईल’ असा सल्ला मिळाला होता. तो मानला नाही हे बरं झालं. गटारात गेलेल्या आम्लाबरोबर विरघळलेलं शिसंही जातं. या बॅटऱ्या नव्या घेताना विक्रेत्याने ९,८०० रुपये वळते करून परत घेतल्या आणि बिलावर जुन्यांचं वजन लिहून दिलं.

लॅपटॉपच्या दोन लिथियम बॅटऱ्या फुगल्या होत्या. यांना दाबायचं नाही, टोचायचं नाही, मिठाच्या पाण्यात बुडवायचं नाही. टोकांना टेप, एकेक वेगळी, लोखंडी बादलीत कोरड्या वाळूत, सावलीत, इमारतीबाहेर. आणि दारातल्या गाडीत तर टाकायच्याच नाहीत. कचरा ट्रान्सफर स्टेशनवर दाबून भरतात, आणि दाबलेली लिथियम बॅटरी आग लावते.

टोनर काट्रिज हलवून बघायची सवय असते. पूड अतिशय बारीक असते आणि हवेत उडाली की पेटूही शकते. काट्रिज मशीनमधून काढून पिशवीत सील केली, बस.

डिस्क

शाळेच्या संगणकात काय नसतं? प्रवेशअर्ज, आधारच्या प्रती, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), शिष्यवृत्तीसाठी दिलेले पालकांचे बँक खाते क्रमांक. ‘फॉरमॅट मारलंय’ हे उत्तर पुरेसं नाही. फॉरमॅटने बहुतेक वेळा अनुक्रमणिका जाते, मजकूर राहतो.

२६ पैकी १७ हार्ड डिस्क फिरत होत्या. त्यांवर एकदा संपूर्ण ओव्हरराइट केलं, म्हणजे जुन्या मजकुरावर निरर्थक मजकूर भरला. आजच्या चुंबकीय डिस्कला एक फेरा पुरतो, सात-सात फेरे मारण्यात वेळ जातो एवढंच. ८० जीबीच्या डिस्कला सेकंदाला ५० एमबी वेगाने साधारण २७ मिनिटं लागली. दोन पीसीवर दोन-दोन जोडून हे काम दीड दिवसात आटोपलं. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, तारीख, सही वहीत. न फिरणाऱ्या ९ डिस्कना ड्रिलने तबकड्यांतून आरपार तीन-तीन भोकं, डोळ्यांवर गॉगल घालून, कारण लॅपटॉपच्या काही डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात आणि तडकतात. एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपा असलेली डिस्क, असती तर ओव्हरराइटवर विसंबता आलं नसतं, तिला तिची स्वतःची सिक्युअर इरेज आज्ञा द्यावी लागते.

एक डिस्क मात्र सगळे विसरले होते : झेरॉक्स मशीनमधली. ऑफिसातल्या मोठ्या डिजिटल कॉपियरमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि कॉपी केलेल्या कागदांच्या प्रतिमा तीत उरू शकतात. मशीनचं मागचं पॅनल उघडल्यावर ती सापडली आणि तिलाही तीन भोकं पडली. जाता जाता : मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही काढून घ्यावा. तो लिथियमचा असतो.

रिसायकलर कसा निवडला

नियमांच्या भाषेत ही संस्था ‘बल्क कन्झ्युमर’ नाही. त्यासाठी वर्षात कधीही १,००० किंवा जास्त उपकरणं वापरात असावी लागतात. तरीही नोंदणीकृत हातातच माल द्यायचा ठराव कार्यकारिणीने केला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरची यादी असते. नाव दिसलं की काम संपलं असं समजू नये. तीन गोष्टी तपासल्या : नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती चालू आहे ना, आणि कोणत्या वर्गाच्या उपकरणांसाठी नोंदणी आहे. तिसऱ्या तपासणीने पेच उघड केला. भाव बरा देणाऱ्या रिसायकलरकडे संगणक, टीव्ही, फ्रिज, एसी सगळं होतं, पण पाऱ्याचे दिवे नव्हते. तो म्हणाला, “दिवे पण टाका गाडीत, बघून घेऊ.” हे ‘बघून घेऊ’ मान्य केलं नाही. पारा पकडणारं, उणे दाबाचं, कार्बन फिल्टरचं दिव्यांचं यंत्र ज्याच्याकडे नाही तो दिवे फोडून काचच वेगळी करणार.

भाव ठरला अख्ख्या लॉटचा, १६,००० रुपये. मग एक चूक झाली. संस्थेच्या एका उत्साही माजी विद्यार्थ्याने ९ कॅबिनेट उघडून रॅम आणि प्रोसेसर काढले आणि जेल रोडवर १,१०० रुपयांना विकून पैसे प्रामाणिकपणे कार्यालयात जमा केले. उचल होण्याआधी रिसायकलरने पाहणी केली आणि भाव १३,५०० वर आणला. संगणकाच्या टनभर जुन्या बोर्डांत दोनशे ग्रॅमच्या आसपास सोनं असू शकतं, खाणीतल्या टनभर दगडात ते काही ग्रॅमच असतं. त्यातला मोठा वाटा याच सुट्या भागांत असतो, आणि त्याच भागांच्या जोरावर तो पिक्चर ट्यूब उचलायला तयार झाला होता. ११०० मिळाले, २५०० गेले. हे बोर्ड पुढे बहुधा मोठ्या भट्टीवाल्यांकडे जातात. बेल्जियममधलं होबोकेन, स्वीडनमधलं रॉन्शेर ही त्यांतली जुनी नावं.

जमेची बेरीज अशी : लॉटचे १३,५००, बॅटऱ्यांचे ९,८००, मिळून २३,३००. रॅमचे १,१०० धरले तर २४,४००. अटालावाल्याच्या चौतीसपेक्षा ९,६०० कमी. हे आकडे त्या मालाचे आणि त्या दिवसाचे आहेत, दुसरीकडे तसेच्या तसे लावू नयेत. पण फरक कशाचा ते स्पष्ट आहे : चोवीस ट्यूब, एका फ्रिजचा वायू, भरलेल्या बॅटऱ्यांतलं आम्ल. कोषाध्यक्षांनी हिशेबात तो ‘विल्हेवाट खर्च’ म्हणून वेगळा दाखवला. आम्हाला ही पद्धत फार योग्य वाटते. नाहीतर पुढच्या वर्षी लेखापरीक्षक विचारतो की जास्त भाव असताना कमी का घेतला.

उचलीचा दिवस

ठरल्या वेळी गाडी आली ती उघडी छोटा हाथी, ताडपत्रीशिवाय. आकाश भरून आलं होतं. गाडी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी बंद गाडी आली. हे करताना संकोच वाटतो, पण भिजलेल्या बोर्डांवरून आणि फुटलेल्या काचेवरून वाहणारं पाणी रस्त्यावरच पडतं.

रिकामी गाडी आधी धर्मकांट्यावर, मग भरून पुन्हा त्याच कांट्यावर. पावत्या दोन्ही. फरक ८४० किलो. आपली यादी ८४७ ची. हा कांटा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो, म्हणून सात किलोचा फरक मान्य केला. पण किराणा दुकानातल्या काट्यावर आधी वजन झालं नसतं तर ८४० खरं की ७४० हे कळायला मार्ग नव्हता. भरताना खाली फ्रिज आणि झेरॉक्स, फ्रिज उभाच, मग ट्यूबवाले मॉनिटर, वर हलका माल.

महिन्याभराने प्रमाणपत्र आलं : ‘ई-कचरा, ८४० किलो, पुनर्चक्रित’. एवढंच. कार्यवाह बाईंनी ते स्वीकारलं नाही. वर्गवार वजन, काढलेल्या वायूचे ग्रॅम आणि पिक्चर ट्यूबची काच कुठे गेली, एवढं लेखी मागितलं. तीन आठवडे आणि चार फोन लागले. दुरुस्त कागदात काचेच्या ओळीसमोर अधिकृत घातक कचरा केंद्राचं नाव आणि पोचपावतीचा क्रमांक होता. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक नोंदीसमोर हा क्रमांक घालून मगच वस्तू कमी केली.

दिवे राहिले होते. ८७ शाबूत ट्यूब खोक्यात उभ्या, ३१ फुटक्या पिंपात, ४३ सीएफएल आणि वाळूच्या बादलीतल्या दोन बॅटऱ्या. दिव्यांसाठी नोंदणी असलेला रिसायकलर एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवायला तयार नव्हता, म्हणून वाचनालयाने त्या गल्लीतल्या आणखी दोन शाळांना आणि एका मंगल कार्यालयाला विचारलं. त्यांच्या कोठ्यांतूनही दिवे निघाले. ऑगस्टमध्ये एकाच फेरीत सगळे गेले. संस्थेच्या वाट्याला २,१०० रुपये खर्च आला आणि लिथियमच्या दोन बॅटऱ्या बादलीसकट त्याच गाडीतून, वेगळ्या नोंदीवर गेल्या. कोठीच्या कोपऱ्यात आता दोन रिकामी खोकी उभी आहेत, एकावर ‘ट्यूब, उभ्या’, दुसऱ्यावर ‘सीएफएल’, आणि सुतळीचा बिंडा शिपाईकाकांनी माळ्यावर टाकून दिला आहे.